साचा मोडला म्हणालात

५ जून

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला हात धजला नाही, आणि साष्टांग घालायला माझा डावा गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही. तेव्हा नुसतं बाबा. तेही सवयीनं.

तुम्ही साचा मोडला नव्हता.

सत्तावीस वर्षं मी धरून चालले होते की मोडला. मी हॉस्पिटलमध्ये पाय टांगून पडले होते, नडगीत सळई होती, आणि तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणालात, "तो साचा मोडला मी." बरोब्बर हेच शब्द. तुमच्याबद्दल जे काही चांगलं माझ्या मनात उरलं होतं ते त्या चार शब्दांवर उभं होतं. पळणं गेलं, संघ गेला, पाय गेल्यातच जमा होता. निदान ह्या माणसानं माझं चित्र तरी नाण्यावर येऊ दिलं नाही, एवढी लाज त्याच्यापाशी आहे, असं मला वाटत राहिलं.

परवा मंगळवारी माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक बुटांच्या ट्रायलला आलं. मी काय काम करते हे कुणी तुम्हाला कधी कळवलं की नाही कोण जाणे. ज्यांचा एक पाय आखूड आहे, टाच झिजली आहे, बोटं वाकली आहेत, अशा लोकांचे बूट करते. लाकडाचे फर्मे, कॉर्क, चामडं, डिंकाचा वास. पहिला बूट स्वतःसाठी केला होता. डाव्या टाचेखाली दोन सेंटिमीटर कॉर्क. तर हे गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. तळवे सपाट, पोट गोल आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मी मनात त्यांना भिंगकाका म्हणते. त्यांना नाणी जमवायचा नाद आहे, आणि त्यातही फक्त मोठमोठ्या जागतिक खेळांसाठी काढलेली चांदीची मोठी नाणी. "लहान नाणी बघायला डोळे नाहीत," म्हणतात, "आणि सोन्याची बघायला ऐपत नाही."

त्या दिवशी त्यांनी हौसेनं एक पेटी आणली होती. मऊ कापडाच्या खाचा, प्रत्येक खाचेत घड्याळाच्या तबकडीएवढं एकेक नाणं. माझ्या काउंटरवर खिळे आणि टाचा सारून त्यांनी ती मांडली. पोहणारा, भालाफेकवाला, घोडेस्वार. चौथ्यावर मी.

बाई अडथळ्यावरून जातेय. डावा पाय पुढे, ताठ. उजवं कोपर जरा जास्तच बाहेर. त्या कोपरासाठी आमचे सर माझ्यावर चार वर्षं ओरडले. जगातली दुसरी कुठलीही बाई असलं कोपर घेऊन अडथळा ओलांडत नाही.

"ओळखीचं आहे का कोणी?" काका हसत म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांचा उजवा बूट त्यांच्या डाव्या पायात घालायला लागले.

तुम्हाला तो मागच्या खोलीतला महिना आठवतो का? मला मिनिट न् मिनिट आठवतो. टांकसाळीतलं सगळ्यात मोठं काम तुम्हाला मिळालं होतं आणि पळणारी बाई घरातच फुकट होती. मला टेबलावर उभं केलंत, डावी टाच खुर्चीच्या पाठीवर घडी केलेल्या घोंगडीत, आणि चाळीस-चाळीस मिनिटं 'हलू नकोस'. थंडीचे दिवस, खिडकी उघडी, कारण तुम्हाला बाजूचा उजेड हवा. समोर तो ताटाएवढा प्लास्टरचा साचा, आणि शेजारी इतर देशांची तुम्ही जमवलेली नाणी ओळीनं. "हे बघ, ह्यांनी मांडी कशी दाखवलीय. ह्यांना पोटरी जमली नाही." इतर बाप मुलींना बागेत नेत, झोके देत. आमच्याकडे परक्या देशांच्या पोटऱ्या.

त्यानंतर सहा आठवड्यांनी निवड चाचणी. सातवा अडथळा. आधी आवाज ऐकू आला, मग जमीन आली.

आणि त्याच पायाची, मी दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर असताना, तुम्ही बारा हजार नाणी पाडू दिलीत.

आईच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधूनच परत गेलात. खोलीत एक पाऊल टाकलं नाहीत. तेही मी सोडून दिलं होतं. हे सोडणार नाही. का खोटं बोललात, तेवढं कळवा.

— नाइलाजानं तुमचीच मुलगी


३० जून

बाबा,

पंचवीस दिवस झाले. उत्तर नाही. पत्र पोचलंय हे मला पक्कं माहीत आहे, पोचपावतीवर तुमची सही आली. सही अजून तशीच, मुंगीच्या पायानं काढल्यासारखी. सही करता येते म्हणजे लिहिता येतं.

बरं. तुम्ही मूग गिळून बसा, मी माझं काम सांगते.

मी नाणी जमवायला लागले आहे. एकच नाणं. माझं.

भिंगकाकांना वाटतंय मला नाद लागला. त्यांना काय आनंद झालाय! आयुष्यभर बायको, भाऊ, जावई सगळ्यांनी त्यांच्या पेट्यांना नावं ठेवली, आणि आता म्हातारपणी ही लंगडी चांभारीण शिष्या मिळाली. मला नाण्यांच्या प्रदर्शनाला घेऊन गेले. एका शाळेचं सभागृह, लांबच लांब टेबलं, आणि दोनशे म्हातारे मान खाली घालून. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. मला ते फार बरं वाटलं. काकांनी शिकवलं: नाणं कडेनं धरायचं, चित्राला बोट लावायचं नाही. काळं पडलं तरी घासायचं नाही. "घासलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही."

हे मी नीट ध्यानात ठेवलं.

पहिल्या दिवशी दोन घेतली. पुढच्या आठवड्यात एका दाताच्या डॉक्टरकडून एक घेतलं. त्यानं ते वेटिंग रूममध्ये काचेखाली लावलं होतं. विचार करा. लोकं दाढ धरून बसलीत आणि समोर मी उडी मारतेय. एका विधवा बाईंकडून एक. त्यांच्या नवऱ्यानं कपाटात मोज्यांखाली ठेवलं होतं. "का कोण जाणे, हीच त्यांना फार आवडायची," बाई म्हणाल्या. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांच्या कपाटांत तुम्ही मला ठेवलंत, बाबा, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

आत्तापर्यंत सात झाली. काकांनी काल हळूच टोकलं. "एकाच नाण्याच्या सात प्रती? अहो, ह्याला संग्रह म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात."

"मग हट्ट म्हणा," मी म्हटलं.

उरली अकरा हजार नऊशे त्र्याण्णव. माझं वय अठ्ठेचाळीस. बघू किती होतात ते.

नाण्यांचं मी काय करते, ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.

आई म्हणायची, "ह्या माणसानं स्वतःच्या पोरीला मोडक्या पायानं पळायला लावलं. मी मरेपर्यंत त्याच्याशी बोलणार नाही." बोलली नाही ती. तेरा वर्षं मावशीच्या गावात दोन खोल्यांत काढली, लोकांचे कपडे शिवले, माझी तीन ऑपरेशनं निभावली, आणि तुमचं नाव काढलं नाही. तिच्या शब्दाला किंमत होती. तुमच्या शब्दाची किंमत मला आता भिंगातून दिसते आहे.

उत्तर द्या.


२१ जुलै

बाबा,

अजून उत्तर नाही, पण आता मला एक विचारायचं आहे आणि ते विचारण्यासाठी आधी एक सांगावं लागेल.

मी ती नाणी घासते. दुकानात सोलच्या कडा सारख्या करायचं यंत्र आहे, वेगानं फिरणारं खरखरीत चाक. त्याच्यावर धरते. पूर्ण नाही घासत. फक्त डावा पाय. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. मग त्या बाईला पुढचा पाय राहत नाही आणि ती अडथळ्यावर नुसती पडत असल्यासारखी दिसते. जे खरं आहे ते.

अकरा केली. बारावं चाकाला लावणार तोच भिंगकाका दारात आले. यंत्राच्या आवाजात मला चाहूल लागली नाही. त्यांना वाटलं असेल टाच घासतेय. मग हातात काय आहे ते दिसलं.

"अहो! अहो, थांबा! काय करताय काय!"

मला बाजूला सारून त्यांनी बटण बंद केलं. त्या सपाट तळव्यांच्या माणसाला मी इतकं चपळ कधी पाहिलं नव्हतं. नाणं घेऊन ते ट्रायलच्या स्टुलावर बसले. मग खिळ्यांच्या डब्यात त्यांना बाकीची दिसली. एकेक उचलून बघितली त्यांनी. अकराच्या अकरा.

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पोलीस बोलावले असते," ते म्हणाले.

"विकत घेतलीत. नाणी माझी आहेत."

"नाणी तुमची असतील. बाई तुमची आहे का? कुणीतरी जीव ओतून कोरली आहे ती."

"बाई माझीच आहे," मी म्हटलं. "मीच आहे ती. आणि जीव ओतणारा माझा बाप आहे."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, बाराव्या नाण्याकडे बघितलं, मग तसंच भिंग लावून माझ्याकडे बघितलं. मी कमरेवर हात ठेवून उभी होते.

"कोपर," ते म्हणाले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं इतकं. त्यांनी मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या वडिलांची सगळी नाणी माझ्याकडे आहेत. नाव माहीत नव्हतं, खूण माहीत होती. चित्राच्या पायाशी तिळाएवढं टिंब आणि त्याला तिरकी रेघ. प्रत्येक नाण्यावर आहे. ह्या एका नाण्यावर मात्र हात त्याचाच दिसतो, पण खूण नाही. आम्ही जमवणारे लोक वीस वर्षं ह्यावरून भांडतोय."

"विसरले असतील."

"सही कुणी विसरतं का? तेही आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामावर? खूण न घालणारा माणूस दोन तऱ्हेचा असतो. एक, ज्याला त्या कामाची लाज वाटते. दुसरा, ज्याच्या हातून ते काढून घेतलं."

जाताना बारावं नाणं ते घेऊन गेले. "हे मी तुमच्याकडे ठेवणार नाही," म्हणाले. मी अडवलं नाही.

तर प्रश्न असा. तुम्ही ह्या दोघांतले कोण? हे माफीचं पत्र आहे असं समजू नका. मला नुसतं माहीत करून घ्यायचं आहे की मी नेमकी कशावर चिडले आहे. सत्तावीस वर्षं भलत्याच गोष्टीवर चिडत बसले असेन तर तेवढं तरी कळवा. तेवढी तरी दया करा.


१२ ऑगस्ट

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार! मी ते इथे उतरवून काढते, म्हणजे तुम्हालाही पुन्हा वाचता येईल.

"साचा मोडला हे खरं आहे. हातोडीनं मोडला, तुझी आई समोर होती. पण तोवर त्याच्यावरून पोलादी ठसा उतरवून झाला होता आणि ठसा टांकसाळीच्या तिजोरीत होता. साहेबांना म्हटलं, दुसरं चित्र करून देतो. ते म्हणाले, वेळ नाही. मी खूण घातली नाही. त्यावरून बोलाचाली झाली. मला कोरण्याच्या टेबलावरून काढून पिशव्या शिवायच्या खात्यात पाठवलं. निवृत्तीपर्यंत तिथे होतो. तब्येत बरी आहे."

तब्येत बरी आहे!

वा. साचा मोडला, ठसा राहिला. हॉस्पिटलमध्ये माझ्या पायाशी उभं राहून तुम्ही खोटं बोलला नाहीत, एवढंच. साचा म्हणजे काय आणि ठसा म्हणजे काय हे एकवीस वर्षांच्या, भूल उतरत असलेल्या पोरीला ठाऊक नव्हतं, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. वकील व्हायचे तुम्ही. खोटं ठरू नये असं वाक्य घडवायचं आणि समोरच्याला खोट्यावर विश्वास ठेवू द्यायचा. सरळ थाप मारली असतीत तर मी कमी चिडले असते.

आणि पिशव्या? ज्या हातांनी पापणीचा केस कोरता यायचा, त्या हातांनी तुम्ही सोळा वर्षं नाण्यांच्या पिशव्यांची तोंडं शिवलीत? आणि एक अक्षर लिहिलं नाहीत? मला तुमची कीव यावी असा डाव असेल तर तो अर्धा साधला. थोडी आली. आली म्हणून आणखी राग आला.

पण आता माझा खरा प्रश्न. तो मी पहिल्या पत्रात विचारला नाही. कारण तेव्हा मला तो दिसला नव्हता.

काकांनी मला त्यांचं जुनं भिंग दिलं आहे. बारावं नाणं त्यांनी दुकानात आणून माझ्यासमोर ठेवलं, "फक्त बघायचं, चाकाजवळ न्यायचं नाही" ह्या अटीवर. मी बघितलं. तुम्ही सगळं कोरलंय. घोट्याचं हाड, गुडघ्याची वाटी, मांडीवरचा ताण, बुटाच्या नाडीची गाठसुद्धा मी बांधायचे तशी उलटी. आणि डावी नडगी काचेसारखी गुळगुळीत.

बाबा, त्या महिन्यात माझी नडगी गुळगुळीत नव्हती. मध्यावर अर्ध्या लिंबाएवढी सूज होती. सरावाला मी पट्टी बांधायचे, पण टेबलावर उभं राहताना तुम्ही पट्टी काढायला लावायचात. चित्रात कापड नको म्हणून. माझ्या पायापासून तुमचे डोळे वीतभर अंतरावर असायचे. महिनाभर. खुर्चीची पाठ किती अंशात कललीय ते तुम्हाला कळायचं.

जे बघितलंच नाही ते गाळता येत नाही.

हो की नाही, एवढंच हवंय. आणि पत्रानं नको, पत्रात तुम्ही साचा आणि ठसा खेळाल. मी येते. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं. तोंडावर सांगायचं.


१८ ऑगस्ट

बाबा,

शनिवारी मी तुमच्याकडून तरातरा निघाले, चहा टेबलावर तसाच ठेवून. एक गाडी आधीचीच मिळाली. तीन दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय.

आधी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मागाहून तुम्ही किंवा मी त्याला वेगळं वळण देणार नाही.

तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. मला वाटलं चुकीचा जिना चढले. तुम्ही केवढे लहान झालात! तिसऱ्या मजल्यावर राहू नका असं तुम्हाला कुणी सांगत नाही का? खिडकीशी तेच टेबल, त्यावर वर्तमानपत्र, आणि अर्धाच भरलेला कप. पूर्ण भरला की सांडतो म्हणालात. हात थरथरतात म्हणून पत्र एवढंसं होतं, हे मला तिथे कळलं. आधी कळलं असतं तर 'तार' म्हटलं नसतं.

मी खिळ्यांचा डबा काढून अकरा नाणी तुमच्यासमोर टाकली. तुम्ही रडाल असं मला वाटलं होतं. मला तसं हवंही होतं. तुम्ही एक उचललंत, जिथे पाय होता तिथून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "एवढी जाडी कानस चांदीला लावतात का?"

"कानस नाही. सोल घासायचं चाक."

"हां. मग बरोबर. चाकानं चांदी ओढली जाते. बघ, इथे कडेला गोळा झालीय."

आणि पाच-सात मिनिटं आपण चाकावर बोललो! वेग किती, दाणा केवढा. मी उत्तरं देत होते. मग मला माझाच राग आला आणि मी विचारलं.

तुम्ही खिडकीकडे बघितलं नाहीत, हे मी मान्य करते. माझ्याकडे बघून म्हणालात, "बघितली होती. दुसऱ्याच दिवशी. बोटानं दाबून बघितली, तू पाय मागे घेतलास."

"मग सरांना का सांगितलं नाहीत?"

"तू म्हणालीस, सांगू नका."

"मी एकवीस वर्षांची होते! तुम्ही बाप होतात!"

तुम्ही हातातलं नाणं डब्यात परत ठेवलंत. मला वाटलं, झालं, आता हा माणूस नेहमीसारखा भिंत होणार. मग म्हणालात, "तू म्हणालीस म्हणून नाही. ती पळवाट होती. सांगितलं असतं तर तुझं पळणं थांबलं असतं, आणि टेबलावर उभं राहणंही. माझं काम अर्ध्यावर आलं होतं. एवढं मोठं काम आयुष्यात पुन्हा येणार नव्हतं. मला ते पुरं करायचं होतं. म्हणून सूज घासून काढली साच्यावरून, आणि मनातूनही काढली."

मी जे ओरडले ते तुमच्या शेजाऱ्यांनी दार उघडून ऐकलंय, त्यामुळे इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही मान वर ठेवून सगळं ऐकलंत. एकदाही 'पण' म्हणाला नाहीत.

गाडीत मला वाटत होतं, जिंकले. सत्तावीस वर्षं जे वाक्य ऐकायचं होतं ते ऐकलं. घरी येऊन बूट काढले, पाय गरम पाण्यात सोडले, आणि तिथेच भडभडून आलं. तुमच्या आठवणीनं नाही, गैरसमज नको. तुम्ही एवढं सरळ बोललात की माझी पंचाईत झाली. कारण सरळ बोलायचं तर माझ्याकडेही आहे. मी ते शनिवारी बोलणार होते. जीभ उचलली नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी तुम्ही मैदानावर आला होतात. मी पट्टी बांधत बसले होते. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणालात, "आज नको पळूस. मी सरांशी बोलतो, माझी चूक झाली म्हणून सांगतो." मी म्हटलं, "आता तोंड उघडलंत तर जन्मात तुमचं तोंड बघणार नाही." आईच्या कपाटातल्या दुखण्याच्या दोन गोळ्या मी आधीच घेतल्या होत्या. तुम्ही उठून गॅलरीत जाऊन बसलात.

हे तुम्हीही शनिवारी काढलं नाहीत. मी ओरडत असताना काढू शकला असतात. का काढलं नाहीत ह्याचाही मला राग येतो.

आईला मी उलटं सांगितलं. पाय टांगलेला, ती रडतेय, विचारतेय, "अगं, दुखत होतं तर पळालीस कशी?" मी म्हटलं, "बाबांनी पळायला लावलं." एवढं एकच वाक्य. मला वाटलं, दोन दिवसांनी खरं सांगेन. मग तिनं बॅगा भरल्या. मग मावशीचं गाव. मग वर्ष झालं, दोन झाली, आणि ते वाक्य घरातल्या भिंतीसारखं झालं. काढलं असतं तर छप्पर खाली आलं असतं. तिनं तुम्हाला जाब विचारला असेल ना? निघायच्या आधी? तुम्ही काय म्हणालात? काहीच म्हणाला नसाल. तुम्हाला वाटलं असेल, सूज बघून गप्प बसलो, म्हणजे मी तिला पळायलाच लावलं. तुमच्या मनाचं गणित मला आता कळायला लागलंय आणि ते कळणं मला मुळीच आवडत नाही.

आता शेवटचं.

पहिल्या पत्रात लिहिलं की तुम्ही कॉरिडॉरमधून परत गेलात. परत गेलात हे खरं. पाठवलं मी. तुम्ही स्वेटर घालून, पिशवीत मोसंबी घेऊन उभे होतात, प्रवासानं चुरगळलेले. मी खोलीबाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "आईला तुम्हाला भेटायचं नाही. तिनंच सांगितलंय." तुम्ही म्हणालात, "बरं." पिशवी बाकावर ठेवून गेलात.

तिनं सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं. भेटलात आणि दोन शब्द बोललात तर माझं ते वाक्य उघडं पडेल, ह्या भीतीनं मी दार धरून उभी होते. आत गेल्यावर तिनं विचारलं, "कोण होतं गं? आवाज ओळखीचा वाटला."

"कोणी नाही," मी म्हटलं. "चुकीच्या खोलीत आलं होतं कुणीतरी."

"असं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दार जरा उघडं ठेव. वारा येऊ दे." त्या खोलीत वारा खिडकीतून यायचा. दारातून येत नव्हता. मी दार उघडलं आणि संध्याकाळपर्यंत ती तिकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी गेली.

माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही, बाबा. सूज तुम्ही बघितलीत आणि पुसलीत, ते तसंच आहे आणि तसंच राहील. पण एवढ्या वर्षांत मी त्या रागात जे जे भरत गेले, त्यातलं बरंचसं माझं स्वतःचं होतं, ते तुमच्या खात्यावर टाकणं मला आता जमत नाही.

हे पत्र गुरुवारपर्यंत पोचेल. मी रविवारी येते, अकराच्या गाडीनं. बेल वाजवेन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.